लाल दोऱ्याची छागल

मी माणसं पाठीकडून ओळखते. गेली बावीस वर्षं साताऱ्यात पिशव्या शिवते आहे आणि त्यातली शेवटची नऊ फक्त पळणाऱ्यांसाठी. जाकिटासारखी अंगात घालायची, पाठीवर पाण्याची रबरी थैली, थैलीची नळी खांद्यावरून तोंडापाशी, चोखलं की पाणी. आमच्याकडे डोंगर चढून पळणाऱ्यांना तोटा नाही, त्यामुळे गिऱ्हाईक दारातच. कुणी समोर आलं की चेहऱ्याआधी मला त्याचे खांदे दिसतात. उतरते, चौकोनी, एक वर एक खाली. नवरा म्हणतो, बघायला आला तेव्हाही मी नजरेनं त्याचं मापच घेत होते. ते अगदीच खोटं नाही.

मार्च संपत आला होता तेव्हा ऊर्जानगरहून उज्ज्वलाचा फोन आला. उज्ज्वला मूळची नागपूरची. नवरा तिथल्या वीज केंद्रात, ती वसाहतीत रोज सकाळी पळते, माझं जाकीट घालून. लग्नाआधी ती मुलचेऱ्याकडच्या एका आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका होती. तिथली तिची विद्यार्थिनी शेवंता आता तेवीस वर्षांची झाली होती आणि वनरक्षकाच्या भरतीत सगळं पार करून शेवटच्या चालण्याच्या चाचणीपर्यंत पोचली होती. मुलींना चार तासांत सोळा किलोमीटर.

"सोळा किलोमीटर ती पोरगी मोहफुलं वेचता वेचता चालते," उज्ज्वला म्हणाली. "पन तिले मुतखडा आहे, बाई. मागच्या भरतीत याच चाचणीत पोट धरून रस्त्यात बसली अन् बाहेर झाली. डॉक्टर म्हनतात, थोड्या थोड्या वेळानं पानी पोटात गेलंच पाहिजे. म्हनून मी माझं जाकीट तिले दिलं. रोज घालून सराव करते. अन् रोज थैली जशीच्या तशी भरलेली घरी आनते!"

"म्हणजे पीतच नाही?"

"एक घोट नाई."

"विचारलंस का?"

"विचारलं. म्हनते, लय बेस आहे मॅडम."

दोन लिटर पाणी पाठीवर वागवायचं आणि तहानलेलं परत यायचं. माझ्या आजवरच्या शिवणकामावर याहून मोठा ठपका कुणी ठेवला नव्हता. चाचणीला पंधरा दिवस होते. मी कात्री, टेप, सुया, पट्ट्यांचे तुकडे, दोन नवी जाकिटं आणि हातात धरायचा स्प्रिंगचा वजनकाटा एका ट्रंकेत भरला आणि निघाले. जाताना थैली तोलायची, आल्यावर तोलायची, म्हणजे माणूस किती प्यालं ते कळतं. माझा माणसांच्या बोलण्यापेक्षा त्या काट्यावर जास्त विश्वास.

ऊर्जानगर

उज्ज्वलाच्या गच्चीवर सकाळी सहाला उभी राहिले आणि गप्प झाले. मी गप्प झाले ही बातमी तिनं त्याच दिवशी साताऱ्याला कळवली. एका बाजूला वीज केंद्राच्या चिमण्या, मान मागे टाकल्याशिवाय ज्यांचं टोक दिसत नाही अशा, आणि दुसऱ्या बाजूला, वसाहतीच्या भिंतीला खेटून, जंगल. मधे मोकळं काही नाही. खाली पाळी बदलायची वेळ झालेली, मोटारसायकली आणि कंपनीच्या बसेस यांची रांग लागलेली, आणि भिंतीपलीकडे मोर ओरडत होते.

"इकडं पळायचं नाई," उज्ज्वलानं भिंतीकडचा रस्ता दाखवला. "परवा वाघ येऊन बसला होता."

आमच्याकडे शेजारच्यांचे पाहुणे आले हे जसं सांगतात तसं तिनं ते सांगितलं. मी तिच्या मागे मागे आतल्या मैदानावर गेले.

ऊन चढल्यावर तिथं तिनं मला ट्रंकेतलं एक नवं जाकीट घालायला लावलं आणि अर्धा तास उभं केलं. मग म्हणाली, प्या. मी नळी चोखली आणि पहिला घोट थुंकून टाकला. चहा होता नुसता, बिनसाखरेचा. उघड्या नळीतलं पाणी त्या उन्हात तापून निघालं होतं. साताऱ्याच्या सकाळी मला हे नऊ वर्षांत कधी कळलं नव्हतं, आणि कळलं नव्हतं याची लाजही वाटली. पण मनातून मी खूश होते. दुखणं सापडलं! दुपारी उज्ज्वलाच्या मशीनवर दोन्ही जाकिटांच्या नळ्यांना गोधडीसारखं जाड अस्तर शिवलं. संध्याकाळी तिनं सांबारवडी खाऊ घातली. सांबार म्हणजे त्यांच्याकडे कोथिंबीर, आणि ती वडीत इतकी होती की आमच्याकडे तेवढीत आठवडा निघेल. मी चार खाल्ल्या आणि विजयी माणसासारखी झोपले.

वैनगंगेपलीकडे

गोंडपिंपरीमार्गे आष्टीला आलं की वैनगंगा ओलांडायची. पुलावर मी गाडी थांबवायला लावली. मी कृष्णेकाठची. नदी म्हणजे घाट, पायऱ्या, देवळं, सगळं हाताच्या अंतरावर. इथं नजर पोचेल तिथवर वाळू, आणि त्या वाळूत निळ्या पाण्याची एक शांत वळणदार वाट. नदीला एवढी जागा लागते, ती कुणाला न विचारता घेता येते, हे मी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते उन्हानं, असं मी उज्ज्वलाला सांगितलं.

पुढचं जंगल एप्रिलचं. साग उघडेबोडके, जमिनीवर पानांचा इतका थर की सरडा पळाला तरी माणूस चालल्याचा आवाज. आणि त्या राखाडी रानात मधूनच एखादं कोसमाचं झाड, कोवळ्या पालवीनं डोक्यापासून पायापर्यंत लालभडक. एवढ्या उन्हात पाण्याचा टिपूस नसताना हे झाड नवी पानं काढतं कुठून? मी उज्ज्वलाला विचारलं. ती म्हणाली, "त्यालेच विचारा."

मुलचेऱ्याच्या आसपास एकदम वेगळाच मुलूख लागतो. फाळणीनंतर आलेल्या बंगाली निर्वासितांना इथं वसवलं, त्यांची गावं. प्रत्येक घरापुढे तळं, केळी, बायकांच्या हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या, आणि दुकानांवर मराठी पाट्यांखाली बंगाली गप्पा. त्या गावांच्या पुढे, डांबरी संपल्यावर, शेवंताचं गाव. पंचवीस-तीस गोंड घरं. सारवलेल्या अंगणात मोहफुलं वाळत पडलेली, आणि सगळ्या गावाला त्यांचा गोड, जड, किंचित आंबूस वास. पहिल्या दिवशी त्यानं डोकं दुखलं. आता साताऱ्यात त्याची आठवण येते.

शेवंता दारातच उभी होती. माझी सवय जाईना. सरळ, रुंद, दोन्ही एका रेषेत असलेले खांदे. असे खांदे शिंप्याला दहा वर्षांतून एकदा मिळतात. तिची माय, सोमीबाई, बोलायला कमी आणि हसायला पुढे. तिनं पितळी तांब्यातून पाणी दिलं. मी तांब्या उंच धरून वरून प्यायला गेले आणि अर्धं पाणी ब्लाउजवर सांडलं. बाटल्यांची सवय लागल्यापासून माझी ती कला गेलीच होती. माय तोंडावर पदर धरून हसली.

भरलेली थैली

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या वेळेला शेवंता निघाली. एकटी नाही. त्या रानात एकटं कुणी चालत नाही, म्हणून गावातल्या आणखी तिघी तिच्याबरोबर. मी थैली काट्याला लावून तोलली, तिच्या पाठीवर चढवली, नळीचं नवं अस्तर दाखवलं. ती म्हणाली, "लय बेस आहे, बाई." साडेतीन तासांनी परत आली. ओठ सुकलेले. मी थैली तोलली. काटा सकाळी होता तिथंच.

"पाणी तापलं होतं का?"

"नाई."

"मग?"

"ध्यानातच नाई राह्यलं, बाई."

मी म्हटलं, रबराचा वास येत असेल. दुपारभर थैली लिंबानं आणि सोड्यानं धुतली. तिसऱ्या दिवशी काटा पुन्हा तिथंच. मग म्हटलं, नळी लांब आहे, तोंडाशी यायला त्रास होतो. कापून आखूड केली. चौथ्या दिवशीही तेच, आणि त्या दिवशी दुपारी शेवंता कमरेवर हात दाबून भिंतीला टेकून बसलेली दिसली. मला पाहताच उठली. "काई नाई, बाई, थोडंसं दुखून राह्यलं."

उज्ज्वलानं तिला समोर बसवून तांब्याभर पाणी पाजलं आणि मला बाहेर नेलं. "चाचणीले आठ दिवस आहेत. अशीच चालली तं या वेळी रस्त्यावरून दवाखान्यातच न्यावं लागन. वय वाढून राह्यलं, पुढची भरती कधी निघते कोनाले माहीत. बाई, तुमाले काही समजत असन तं आता समजू द्या."

मला काही समजत नव्हतं. एवढंच ठरवलं की उद्या आपण बरोबर जायचं, गुडघे गेले तरी चालतील.

झिरा

गुडघे पाचव्या किलोमीटरला गेले. तोवर मी एक गोष्ट पाहिली होती आणि ती मला आजही दिसते. त्या चौघींचं चालणं. पायाखाली वाळकी पानं, पण आवाज फक्त माझा. मी मागून पाहत होते तर चार पाठी एका लयीत, खांदे हलत नाहीत, डोकं हलत नाही, नुसतं कमरेखालचं अंग पुढे पुढे जातं. बावीस वर्षं पाठी पाहिल्या, पण पाठ इतकी शांत राहू शकते हे मला माहीत नव्हतं. माझ्या जाकिटाला हलू नये म्हणून मी जे पट्टे लावले होते, ते त्या पाठीवर उगाचच होते.

माझ्यासाठी माय बरोबर आली होती. मी बसलेली पाहून ती म्हणाली, "चला, झिऱ्यावर बसू." पुढे एक ओढा होता, ठणठणीत कोरडा. तिनं वाळूकडे पाहिलं, दोन-चार पावलं इकडं तिकडं गेली, एका जागी बसली आणि ओंजळीनं वाळू उपसू लागली. कोपरभर खड्डा झाला. मग नुसती बघत बसली. आधी वाळू काळी झाली, मग चकाकली, मग तळाशी पाणी आलं, गढूळ. ते तिनं उपसून टाकलं. दुसऱ्यांदा आलं ते स्वच्छ, बशीतल्यासारखं. एवढ्या भाजणाऱ्या रानात, हाताच्या अंतरावर, थंड पाणी आमची वाट बघत होतं, आणि ते कुठं आहे हे या बाईला बसल्या जागी माहीत होतं. मी हात जोडले. खरंच जोडले.

तिनं पळसाच्या पानाचा दोना केला. भरून एकीच्या तोंडावर उंचावरून धार धरली, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या, मग शेवंताच्या. दोना कुणाच्या ओठाला लागला नाही आणि थेंब सांडला नाही. सगळ्यात शेवटी ती स्वतः प्याली. वाटणाऱ्यानं शेवटी प्यायचं, असं तिथं आहे.

ती प्यायच्या आधी माझ्याकडे वळली तेव्हा मी घाईनं म्हटलं होतं, "मला नको, माझ्याकडे आहे." आणि शेवंताला धडा मिळावा म्हणून माझ्या जाकिटाची नळी तोंडात धरून चांगला मोठा आवाज करत चोखली.

चौघींनी नजर दुसरीकडे वळवली. चारचौघांत कुणाचं वस्त्र सरकलं तर आपण वळवतो तशी. माय तेवढी माझ्याकडे बघत राहिली आणि अगदी निरागसपणे म्हणाली, "बाई, तुमी हे सोताच पेता?"

मग शेवंता बोलली. मान खाली घालून, वाळूत बोटानं रेघा ओढत.

"मले लाज वाटते, बाई. आमी चौघी चालून राह्यलो, चौघीले तहान लागली हाय. अन् मी एकटीच नळी तोंडात घालून चोखत राहू तं कसं दिसन? अन् एकदा माझं तोंड लागलं का ते सारं पानी उष्टं झालं. मंग कोनाले देता बी येत नाई."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुमी एवढ्या दुरून आल्या. रोज काई ना काई शिवून देऊन राह्यल्या. कसं सांगू?"

उष्टं काय मला परकं होतं? माझ्या कारखान्यातल्या सहा बायका दुपारी एकाच कळशीतून वरूनच पितात. मी रोज बघते. पण जाकीट कापायला घेतलं की माझ्यासमोर एकच माणूस असायचं, एकटं पळणारं. खांद्याचं माप घेतलं, घामाचं मीठ पाहिलं, पट्टा कुठं काचतो ते पाहिलं. तहान लागल्यावर हे माणूस आधी शेजारच्याकडे बघेल, हे माप माझ्या टेपवर नव्हतंच. त्या मुलीनं मला वाईट वाटू नये म्हणून पाच दिवस दुखणं अंगावर काढलं आणि मी रबर लिंबानं धूत बसले. मला स्वतःचा इतका राग आला की मी माझं जाकीट काढून वाळूत टाकलं. मायनं ते उचललं, झटकलं आणि घडी घालून ठेवलं.

"आता मले बी पाजा," मी म्हटलं. त्यांच्या बोलीत, चुकतमाकत. सगळ्या हसल्या. पाणी माझ्या नाकात गेलं.

तपनदा

नळी बाद. हवं होतं ते असं: चालता चालता एका हातानं काढता येईल, उंच धरून धार सोडता येईल, शेजारणीच्या तोंडात पडेल, आणि पाणी गार राहील. मशीन जवळच्या बंगाली गावात, तपनदांकडे. वय सत्तरीच्या पुढं. आईचं बोट धरून या जंगलात आले आणि मुलचेऱ्याच्या तीन पिढ्यांचे शाळेचे गणवेश त्यांनी शिवले. खांदे पुढं झुकलेले, शिंप्याचे, माझ्यासारखेच.

माझं सगळं ऐकून ते म्हणाले, "रबर कायको? छागल बनाओ ना, दीदी."

आणि मला लहानपणीची छागल आठवली! जुन्या जीपच्या पुढं, ट्रकच्या दाराला लटकायची ती जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी. कापड पाझरतं, पाझरलेलं वाऱ्यानं सुकतं, आतलं पाणी गार होतं. "पयले इथं लकडीच्या साऱ्या गाड्यांची छागल मी शिवली," तपनदा म्हणाले. "मंग फ्रिज आला, बाटली आली. छागल गेली. इथलं ऊन कुठी गेलं?"

दोन दिवस आम्ही दोघं एका मशीनवर बसलो. पाऊण पाऊण लिटरच्या दोन छोट्या छागली, जाकिटाला दोन्ही बरगड्यांवर काखेखाली, म्हणजे पाठ मोकळी आणि वजन सारखं. पाणी कमी होईल तसं कापड आपसूक चपटं होतं, म्हणून आत डुचमळत नाही. प्लास्टिकची क्लिप उन्हात चटका देते, तिथं कापडी बंद. खांद्याच्या हाडावर येणारी शिवण मी मागे सरकवली. काखेत घासतं तिथं काय लावावं यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं. मला जाळी हवी होती. तपनदांच्या बायकोनं आतून आपली शंभरदा धुतलेली जुनी सुती साडी आणून टाकली आणि भांडण संपलं. तिनं मुडीवर मोहरीचं तेल, कांदा, मिरची घालून दिली, वर तळ्यातल्या माशाचं कालवण. आमच्याकडे मुरमुऱ्याला कुणी जेवण म्हणत नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या.

संध्याकाळी जाकीट शेवंताला घालून पाहिलं आणि पाणी भरलं. दोन्ही छागली चाळणीसारख्या गळल्या. तिचं कंबरेपासून खाली सगळं भिजलं आणि माझं अवसान गेलं. पाच दिवस उरले होते. तपनदा पोट धरून हसत होते.

"नवा कपडा है, दीदी. प्यासा है. उसको पहले पीने दो."

रात्रभर त्यांनी त्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवल्या. सकाळी सूत फुगून छिद्रं मिटली होती. भरल्या तर बाहेरून नुसता दमट गारवा, थेंब नाही. शेवंतानं एक काढली, उंच धरली, तोंड वर केलं, आणि न थांबता चालत चालत प्याली. माझ्यासमोर घेतलेला तिचा तो पहिला घोट. मग तिनं ती लगेच शेजारणीच्या तोंडावर धरली, आणि मला दुसरी काळजी लागली.

एवढ्याशा पाण्यात चौघी प्याल्या तर हिच्या वाट्याला काय? मी डाव्या छागलीच्या तोंडाला लाल दोऱ्याचा टाका घातला. "ही लाल दोऱ्याची फक्त तुझी. दुसरी वाटायची तेवढी वाट. पण ही कुणाला द्यायची नाही. शपथ घे."

शेवंतानं मान डोलावली. माय नुसतीच हसली. ते हसणं मला आवडलं नाही.

चार तास

चाचणी गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या रस्त्यावर होती. वाटेत पाण्याची टेबलं होती, स्वतःचं पाणी न्यायलाही हरकत नव्हती. उज्ज्वलानं आधीच विचारून ठेवलं होतं. आधी पोचलं म्हणून जास्त गुण नाहीत, पण चार तास उलटले की नाव गेलं. सकाळी सहाला छातीवर नंबर लावून मुली सुटल्या आणि वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या.

तीन तासांनी पहिल्या मुली आल्या. मग एकेक, दोन दोन. शेवंता नाही. सव्वातीन. साडेतीन. रस्त्यावर ऊन थरथरत होतं. उज्ज्वला नखं खात होती. मला डोळ्यांसमोर ती पोट धरून बसलेली दिसायला लागली. तीन तास चाळीस. मी देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

पंचेचाळिसाव्या मिनिटाला वळणावर सात मुली दिसल्या. एका ओळीत, जवळजवळ खांद्याला खांदा लावून, आणि त्यातले मधले खांदे मी कोसावरून ओळखले असते. एक मुलगी लंगडत होती, टाचेला फोड आलेला, आणि बाकीच्या तिच्या चालीनं चालत होत्या. "अगं चल! चल!" मी ओरडले. त्यांनी आपली लय सोडली नाही. नऊ मिनिटं राखून सातही जणी रेषेच्या आत आल्या. उज्ज्वला रडायला लागली.

मी धावले, गुडघ्यांसकट, आणि आधी छागली धरल्या. साधी रिकामी, चपटी. लाल दोऱ्याची भरलेली. गळ्यापर्यंत भरलेली.

माझा तोल सुटला. "पुन्हा तेच! पुन्हा भरलेली आणलीस! सोळा किलोमीटर चाललीस आणि स्वतः एक घोट घेतला नाहीस? मरायचं आहे का तुला?"

शेवंता दमली होती, तिला बोलवेना. फोडवाली मुलगी पुढं आली. कुठली, कोण, मला माहीत नाही. सातजणी सात गावच्या.

"रागावू नका, बाई. तिनं सुरवातीलेच सांगतलं, मले मुतखडा हाय, तुमी माह्या जवळचं पानी प्या अन् मले प्यायची आठवन द्या. मंग आमी टेबल आलं का आधी लाल दोऱ्याची भरत होतो. तिले पाजू अन् पुन्हा भरू. आता चौथ्या बारी भरली हाय."

"पण लाल दोऱ्याची तिनं तुम्हाला..."

"ते बी पेलो ना आमी. तिनं देल्ली तं नाई कशी म्हनू?"

शपथ मोडली होती, आणि ती मोडली म्हणूनच सहाजणी तिच्यावर लक्ष ठेवून होत्या. मी तिच्या एकटीसाठी राखलेल्या पाण्यावर ती कदाचित आठव्या किलोमीटरलाच थांबली असती.

"दुखतंय का कुठं?" मी विचारलं.

"नाई, बाई." आणि पहिल्यांदा मी तिच्या त्या "नाई"वर काट्याशिवाय विश्वास ठेवला. तिनं लाल दोऱ्याची छागल काढून उंच धरली. "तोंड वर करा. घाम फुटला तुमाले."

मी छागल तिच्या हातातून घेतली. आधी फोडवालीच्या तोंडावर धार धरली, मग बाकीच्या पाचजणींच्या, मग उज्ज्वलाच्या, मग शेवंताच्या. ती डोळे मिटून खूप वेळ प्याली. कापड माझ्या हातात हळूहळू चपटं होत गेलं. तळाशी दोन घोट उरले. मग मी मान मागे टाकली आणि प्याले. पाणी गार होतं, आणि एक थेंबही सांडला नाही.